क्रोशाचे पहिले टाके, आणि विणलेलं दुसऱ्याला द्यायचं असेल तर

क्रोशा शिकायला लागलेल्या माणसाचा हात एकदा बसला की थांबत नाही. आधी रुमाल, मग मफलर, मग टोप्या. घरातल्या सगळ्यांची डोकी झाकून झाली की प्रश्न येतो, आता कुणासाठी? तिथून बरेच जण गरजूंसाठी विणण्याकडे वळतात. कल्पना छानच आहे, पण त्यात एक गोम आहे. २०१९-२० मध्ये ऑस्ट्रेलियात वणवे पेटले तेव्हा होरपळलेल्या प्राण्यांच्या पिल्लांसाठी लोकरीच्या पिशव्या, पक्ष्यांसाठी घरटी, वटवाघळांसाठी गुंडाळ्या हव्यात असं आवाहन झालं. जगभरातून इतकं सामान येऊ लागलं की जानेवारी २०२० मध्येच ‘आता पुरे, पाठवू नका’ असं सांगायची वेळ आली. विणणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. फक्त गरज संपल्यावरही सुया चालू राहिल्या.

म्हणून हा लेख थोडा उलट्या क्रमाने लिहिला आहे. एरवी आधी लोकर, मग टाके, मग वस्तू आणि शेवटी ‘ही कुणाला देऊ?’ असं चालतं. द्यायचं असेल तर घेणारा आधी ठरवा. लोकर कुठली, टाका कुठला, माप किती, हे सगळं त्याच्यावरून ठरतं.

सुई हातात घेण्याआधी एक फोन

रुग्णालय, वृद्धाश्रम, बालगृह, निवारा केंद्र, प्राण्यांचं आश्रयस्थान, जे मनात असेल तिथे आधी विचारा. चार प्रश्न पुरतात. सध्या नेमकं काय हवं आहे? कुठल्या मापाचं? कुठला धागा चालतो आणि कुठला चालत नाही? कधीपर्यंत हवं आहे? काही ठिकाणी विणलेल्या वस्तू घेतच नाहीत, कारण त्यांना सगळं निर्जंतुक करावं लागतं किंवा साठवायला जागा नसते. तसं उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका, दुसरीकडे विचारा.

उत्तर मिळालं की ते लिहून ठेवा. ‘बाळांच्या टोप्या हव्यात’ हे उत्तर अपुरं आहे. नऊ महिने भरून जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर ३५ सेंमीच्या आसपास असतो, वर्षाच्या बाळाचा ४६ च्या आसपास. या दोघांना एक टोपी कशी होणार? आणि वेळेआधी जन्मलेली बाळं तर याहून कितीतरी लहान असतात.

सामान

यादी छोटी आहे: टोकाला आकडा असलेली क्रोशाची सुई, लोकरीचा एक गुंडा, कात्री, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, मोजपट्टी आणि एखाद-दोन सेफ्टी पिना. टाक्यांवर खूण ठेवायला खास क्लिपा मिळतात, पण पिनेनेही तेच काम होतं.

क्रोशाची सुई ५ मिमीची घ्या. याहून बारीक सुईवर टाके दिसत नाहीत, जाड सुईवर हात अवघडतो. ५ मिमीवर शिकलेला हात पुढे दोन्हीकडे जाऊ शकतो. लोकर मध्यम जाडीची, एकरंगी आणि फिकट रंगाची असू द्या. काळी किंवा गडद निळी लोकर नवशिक्याने घेऊच नये. सुई कुठे घालायची तेच दिसत नाही. केसाळ, चमकीदार, गाठीगाठींची लोकर दुकानात मोहात पाडते. तिलाही पहिले काही महिने लांब ठेवा, कारण ती उसवता येत नाही, आणि सुरुवातीला उसवावं तर खूपच लागतं.

गुंड्यावरचा कागद फेकू नका. त्यावर धागा कशाचा आहे, कुठल्या मापाची सुई वापरायची, कसं धुवायचं हे छापलेलं असतं. शिवाय रंगाचा एक घाणा-क्रमांक असतो, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या गुंड्यांचा क्रमांक. एका वस्तूसाठी लागणारे सगळे गुंडे एकाच क्रमांकाचे घ्या, नाहीतर एकच पिवळा म्हणून घेतलेले दोन गुंडे विणल्यावर दोन पिवळे निघतात.

धाग्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दान म्हणून दिलेल्या वस्तू बहुतेक वेळा इथेच फसतात. ॲक्रिलिक स्वस्त, हलकं आणि मशीनमध्ये धुता येणारं असतं. ब्लँकेट, मफलर, रोजच्या टोप्यांना उत्तम. मात्र उष्णतेने ते वितळतं. त्यावर इस्त्री फिरवायची नाही आणि गरम भांडं उचलायची फडकी त्याची मुळीच विणायची नाहीत. सुती धागा पाणी शोषतो, गरम पाण्यात धुतला तरी टिकतो, पण ताणला जात नाही आणि वजनाला भारी असतो. खरी मेंढीची लोकर उबेला सगळ्यांत चांगली, पण गरम पाण्यात घुसळली गेली की आटते आणि घट्ट होते. संस्थांमध्ये कपडे ढिगाने धुतले जातात. तिथे कुणी तुमची एक टोपी वेगळी काढून थंड पाण्यात हळुवार धुणार नाही. त्यात काहींना लोकर टोचते, काहींना तिने पुरळ येतं. म्हणून समोरून खास मागणी नसेल तर देण्यासाठी खरी लोकर नको.

घरातली उरलीसुरली लोकर वापरायला हरकत नाही. फक्त एका वस्तूत एकाच प्रकारचा आणि एकाच जाडीचा धागा घ्या. ब्लँकेटमध्ये सुती, ॲक्रिलिक आणि खरी लोकर एकत्र आली तर पहिल्या धुण्यातच काही चौकोन आटतात, काही तसेच राहतात.

हाताला शिकवायच्या पाच गोष्टी

सुई पेन धरतो तशी धरा किंवा सुरीसारखी मुठीत धरा. दोन्ही बरोबर आहे, ज्यात मनगट दुखत नाही ती आपली. धागा दुसऱ्या हाताच्या तर्जनीवरून घेऊन करंगळीभोवती एक वेढा द्या, म्हणजे ताण सारखा राहतो. डावखुऱ्यांनी सगळं आरशातल्यासारखं उलट करायचं. टाके तेच, फक्त विणकाम डावीकडून उजवीकडे जातं.

सरकगाठ आणि साखळी: धाग्याच्या टोकापासून वीतभर अंतरावर एक सरकती गाठ करून ती सुईवर चढवा. सुईवर धाग्याचा वेढा घ्या आणि तो सुईवरच्या लूपमधून बाहेर ओढा. झाली एक साखळी. मोजताना सुईवर असलेला लूप धरायचा नाही, सरकगाठही धरायची नाही. साखळी सैल घाला. नवशिक्यांची साखळी हमखास घट्ट होते आणि पहिल्या ओळीत सुई आत जाता जात नाही. तसं होत असेल तर फक्त साखळीपुरती अर्ध्या मिमीने जास्त जाड सुई वापरा.

मुका खांब: सुई टाक्यात घाला, धागा ओढून घ्या, सुईवर दोन लूप येतात. पुन्हा वेढा घेऊन दोन्हीतून एकदम ओढा. हा सगळ्यांत बुटका आणि सगळ्यांत घट्ट टाका.

अर्धा खांब: आधी सुईवर एक वेढा घ्या, मग सुई टाक्यात घालून धागा ओढा. आता तीन लूप. वेढा घेऊन तिन्हीतून एकदम बाहेर.

खांब: सुरुवात अर्ध्या खांबासारखीच. तीन लूप आले की वेढा घेऊन पहिल्या दोनांतून ओढा, पुन्हा वेढा घेऊन उरलेल्या दोनांतून ओढा. उंच, सैल आणि भरभर वाढणारा टाका.

स्लिप स्टिच: सुई टाक्यात घाला, धागा ओढा आणि तोच सुईवरच्या लूपमधूनही बाहेर काढा. याला उंची नसते. फेरा जोडायला किंवा पुढे सरकायला हा वापरतात.

सुई टाक्यात घालताना वर जो इंग्रजी ‘व्ही’सारखा आकार दिसतो, त्याच्या दोन्ही धाग्यांखालून घाला. नमुन्यात वेगळं सांगितलं असेल तरच एका धाग्याखालून.

ओळ संपली की काम उलटवायचं आणि पुढच्या टाक्याच्या उंचीइतक्या साखळ्या घालायच्या: मुक्या खांबाला १, अर्ध्या खांबाला २, खांबाला ३. खांबाच्या ओळीत या तीन साखळ्या म्हणजेच पहिला खांब धरतात. मुक्या खांबात ती एक साखळी मोजत नाहीत. कडा वेड्यावाकड्या होण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

इंग्रजी नमुने वाचणार असाल तर अमेरिकी आणि ब्रिटिश नावांतला घोळ आधी समजून घ्या. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, तोच मुका खांब ब्रिटनमध्ये डबल क्रोशे असतो. अमेरिकी डबल क्रोशे, म्हणजे आपला खांब, ब्रिटनमध्ये ट्रेबल होतो. ओळखायची सोपी युक्ती: ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे हे नावच नाही. नमुन्यात ते कुठेही दिसलं तर तो अमेरिकी.

पहिली वस्तू: पंचवीस टाक्यांचा चौकोन

सुती धागा, ५ मिमीची सुई. २६ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, मग प्रत्येक साखळीत एक. ओळीच्या शेवटी २५ टाके व्हायला हवेत. १ साखळी, काम उलटवा, पुन्हा २५ मुके खांब. रुंदीइतकी उंची होईपर्यंत हेच करत राहा. मध्यम जाडीच्या धाग्यात बाजू १८ ते २० सेंमी भरते. शेवटच्या टाक्यानंतर धागा १५ सेंमी ठेवून कापा आणि लूपमधून ओढून घ्या.

एवढंसं काम, पण यात दोन गोष्टी पक्क्या होतात. एक म्हणजे मोजणं. पहिल्या दहा ओळी तरी प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. २५ चे २४ झाले असतील तर ओळीचा शेवटचा टाका निसटला आहे. नवशिक्यांना तो टाका दिसत नाही, कारण तो किंचित वळून मागे दडतो. २६ झाले असतील तर एकाच टाक्यात दोनदा सुई गेली आहे. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात पीन अडकवून ठेवा, प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट ताणाची. चौकोन खाली रुंद आणि वर अरुंद होत असेल, टाके मात्र बरोबर असतील, तर तुमचा हात हळूहळू घट्ट होतो आहे. खांदे सैल सोडा, थोडा वेळ थांबा. एका बैठकीत तासन्‌तास विणू नका, मनगट तक्रार करायला लागतं.

हा चौकोन भांडी पुसायला किंवा अंग घासायला चालतो. निवारा केंद्रात साबणाची वडी आणि असा एक रुमाल एकत्र देता येतो. पण पहिलावहिला चौकोन घरीच ठेवा. सरावाचं काम दान म्हणून खपवायचं नाही, याबाबत मी जरा कडक आहे. जी वस्तू आपण आपल्या माणसाला देणार नाही ती कुणालाच देऊ नये.

दुसरी वस्तू: ग्रॅनी स्क्वेअर, आणि त्यातून ब्लँकेट

हा चौकोन मधून बाहेर वाढतो, उलटवावा लागत नाही.

४ साखळ्या घालून स्लिप स्टिचने पहिल्या साखळीला जोडा. छोटं कडं तयार होईल.

पहिला फेरा: ३ साखळ्या (हा पहिला खांब), कड्यात आणखी २ खांब, २ साखळ्या. मग कड्यातच ‘३ खांब, २ साखळ्या’ असं तीनदा. सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीला स्लिप स्टिचने जोडा. चार झुपके आणि चार कोपरे दिसायला हवेत.

दुसरा फेरा: पुढच्या दोन खांबांवर स्लिप स्टिच घालत कोपऱ्याच्या फटीपर्यंत या. तिथे ३ साखळ्या, २ खांब, २ साखळ्या, ३ खांब. पुढच्या प्रत्येक कोपऱ्यात ‘३ खांब, २ साखळ्या, ३ खांब’. जोडा.

तिसरा फेरा आणि पुढे: कोपऱ्यात तेच. बाजूंवर दोन झुपक्यांमध्ये जी फट असते, तिच्यात ३ खांबांचा एक झुपका. प्रत्येक फेऱ्यात बाजूवर एक झुपका वाढतो.

पुष्कळ नमुन्यांत दोन झुपक्यांमध्ये एक साखळी घालायला सांगितलेली असते. पांघरायच्या वस्तूत मी ती घालत नाही. भोकं लहान राहतात, वारा कमी येतो, बोटं अडकत नाहीत.

मध्यम जाडीच्या लोकरीत साधारण ६ फेऱ्यांत बाजू २० सेंमीच्या जवळ जाते, पण फेऱ्यांवर विसंबू नका, मोजपट्टी लावा. कमी पडत असेल तर शेवटी मुक्या खांबाचा एक फेरा घाला, कोपऱ्यात तीन-तीन मुके खांब. असा फेरा एरवीही घालावाच. जोडताना कड सरळ मिळते.

२० सेंमीचे ३५ चौकोन, आडवे पाच आणि उभे सात, जोडले की १०० × १४० सेंमीचं ब्लँकेट होतं. मुलाला भरपूर पुरतं. जोडण्याची सोपी रीत अशी: दोन चौकोनांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवा आणि दोन्हींच्या कडांतून एकदम सुई घालून मुके खांब घाला. आधी आडव्या पट्ट्या करा, मग पट्ट्या एकमेकींना जोडा.

पस्तीस चौकोन एकट्याने करायलाच हवेत असं नाही. उलट हे काम वाटून घेण्यासाठीच जन्माला आल्यासारखं आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘वॉर्म अप अमेरिका’ या उपक्रमाने हेच हेरलं. त्यांनी लोकांकडे अख्खं ब्लँकेट मागितलं नाही. ७ इंच बाय ९ इंचाचा एक तुकडा मागितला. असे ४९ तुकडे जोडले की एक पांघरूण. दक्षिण आफ्रिकेतल्या अनाथ मुलांसाठी ‘निट-अ-स्क्वेअर’ जगभरातून २० सेंमीचे चौकोन गोळा करते. नवशिक्यासाठी ही सोय फार मोठी आहे, एक चौकोन कुणालाही झेपतो. अट एकच, माप. १८ आणि २२ सेंमीचे चौकोन शेजारी बसवताना जोडणारी वैतागते. गटाने विणणार असाल तर सगळ्यांनी एकाच जाडीची लोकर घ्या आणि पुठ्ठ्याचा २० सेंमीचा चौकोन कापून प्रत्येकीला द्या. विणलेला तुकडा त्यावर न ताणता बसायला हवा.

तिसरी वस्तू: टोपी, पण सोप्या वाटेने

टोपी म्हटलं की वरच्या गोलापासून सुरुवात करतात. ती रीत चांगली आहे, पण तिथे टाके वाढवायचा हिशेब येतो. मुक्या खांबाचा गोल सपाट राहायला दर फेऱ्याला ६ टाके वाढवावे लागतात, खांबाचा असेल तर १२. कमी वाढवले तर गोल वाटीसारखा वळतो, जास्त झाले तर कडेला झालर पडते. पहिल्या टोपीसाठी हा ताप नको. सरळ पट्टी विणा आणि तिची टोपी करा.

मोठ्या माणसाच्या टोपीसाठी ३३ साखळ्या. सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब, एकूण ३१ अर्धे खांब. ओळीच्या शेवटी २ साखळ्या, उलटवा. या दोन साखळ्या इथे टाका म्हणून मोजायच्या नाहीत. दुसऱ्या ओळीपासून सुई ‘व्ही’च्या फक्त मागच्या धाग्याखालून घाला. अशाने उभे पन्हाळ पडतात आणि कापड रबरासारखं ताणलं जातं, त्यामुळे मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी टोपी बसते.

पट्टी किती लांब करायची? डोक्याच्या घेरापेक्षा ४-५ सेंमी कमी. मोठ्या माणसाचा घेर बहुधा ५५ ते ५८ सेंमी असतो, म्हणजे पट्टी साधारण ५० ते ५३ सेंमी. पट्टीची रुंदी हीच टोपीची उंची: मोठ्यांसाठी २३-२४ सेंमी, वर्षाच्या बाळासाठी १७-१८, नवजात बाळासाठी १३ ते १५. लहान टोपीला साखळ्या त्याच प्रमाणात कमी घाला.

पट्टीची दोन टोकं मुक्या खांबाने किंवा शिवून जोडा, नळी तयार होईल. एका कडेच्या टाक्यांतून लांब धागा सुईने आत-बाहेर ओवा, खेचून तोंड बंद करा आणि मधल्या फटीवर दोन-तीन आडवे टाके घालून धागा आत पक्का करा. उलटवा. टोपी झाली. मोठ्या माणसाच्या टोपीला १०० ते १२० ग्रॅम लोकर धरून चाला.

हीच पट्टी १५ ते २० सेंमी रुंद आणि १५० सेंमी लांब केली की मफलर. त्याबद्दल वेगळं काही सांगण्यासारखं नाही.

कुणासाठी काय टाळायचं

नवजात बाळं: विणीत भोकं नकोत, बारीक बोटं अडकतात. बटणं, मणी, रिबिनी, गोंडे काहीही नको. केसाळ धागा नको, तंतू नाकातोंडात जातात. बाळ झोपलेलं असताना अंगावर सैल पांघरूण किंवा डोक्यावर टोपी ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षासाठी सांगतात. नवजात कक्षात परिचारिकांची नजर असते म्हणून तिथे टोप्या वापरतात. तेव्हा बाळासाठी ब्लँकेट देताना ते गाडीत किंवा मांडीवर घेताना वापरायचं आहे, झोपताना नाही, अशी चिठ्ठी लावा.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी विणलेल्या ऑक्टोपसची कल्पना २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाली. त्याच्या वळणदार सोंडा बाळाला नाळेसारख्या वाटतात आणि नळ्या ओढायच्याऐवजी ते त्या धरून ठेवतं, असं त्यामागचं म्हणणं. दिसायला गोंडस असल्याने पुष्कळांना लगेच हाच करावासा वाटतो. पण त्याचे नियम कडक आहेत: पूर्ण सुती धागा, घट्ट वीण, सोंडांची ठरावीक लांबी, ६० अंशांवर धुता येईल अशी शिवण. त्याचा वैद्यकीय उपयोग ठामपणे सिद्ध झालेला नाही, आणि बरीच रुग्णालयं तो घेत नाहीत. रुग्णालयाने स्वतः मागितला तरच करा, आणि मुका खांब झोपेतही घालता येऊ लागल्यावर करा.

केमोथेरपी घेणाऱ्यांच्या टोप्या: केस गेल्यावर टाळू फार हळवी होते. मऊ सुती किंवा मऊ ॲक्रिलिक घ्या आणि विकत घेण्याआधी गुंडा स्वतःच्या गळ्यावर घासून बघा. हाताला मऊ लागलेली लोकर गळ्याला टोचू शकते. वीण दाट ठेवा, टाळू दिसता कामा नये. केस नसल्याने टोपी नेहमीपेक्षा किंचित लहान लागते. जाड शिवण आत आली तर झोपताना टोचते, म्हणून वरची पट्टीची टोपी यासाठी करायची तर जोड शक्य तितका सपाट शिवा. पुढे हात बसला की मात्र या कामासाठी गोलापासून सुरू होणारी, बिनजोडाची टोपीच शिका.

वृद्ध आणि चाकाच्या खुर्चीत बसणारे: मांडीवर घ्यायचं पांघरूण ९० × ९० सेंमीच्या आसपास असावं. याहून लांब झालं की चाकात जातं. झालर नकोच. हलकं असू द्या. सुती ब्लँकेट या मापातही जड होतं. खांद्यावर घ्यायच्या शालीपेक्षा गुडघ्यावरचं पांघरूण जास्त वापरलं जातं असं माझं निरीक्षण आहे, कारण ते सरकत नाही.

प्राणी: मांजरा-कुत्र्यांच्या आश्रयस्थानात साधे मुक्या खांबाचे घट्ट चौकोन लागतात. सैल विणीत नखं अडकतात. पक्ष्यांच्या पिल्लांसाठीच्या वाट्या तर याहून घट्ट, शक्यतो दुहेरी धाग्याच्या हव्यात.

आजारी किंवा धक्क्यातून जाणारी मुलं: ‘प्रोजेक्ट लायनस’ १९९५ पासून अशा मुलांना हाताने केलेली ब्लँकेटं देतं. इथे रंगांची चैन करायला हरकत नाही. मोठ्या मुलांचा मात्र विचार करा. गुलाबी ससे सगळे विणतात, पंधरा वर्षांच्या मुलासाठी करड्या-निळ्या रंगाचं ब्लँकेट फारच थोडे जण.

काही संस्था वस्तू वाटत नाहीत, विकून पैसे उभे करतात. तिथे वरची सगळी बंधनं सैल होतात. १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं आणि दुष्काळ पडला, तेव्हा मठांतल्या जोगिणींनी बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवली, आणि ती विकून अनेक घरांत अन्न आलं. विकायचं असेल तर बारीक दोरा, नाजूक जाळी, जे सुंदर दिसेल ते करा. खरा क्रोशा आजही हातानेच विणावा लागतो, यंत्रावर होत नाही, त्यामुळे त्याची किंमत मागायला लाजू नका.

शेवटची कामं

टोकं लपवणं हे सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं आणि वस्तू टिकते ती याच कामावर. प्रत्येक टोक किमान १५ सेंमी ठेवा. बोथट सुईत ओवून टाक्यांच्या आतून एका दिशेने न्या, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेने. नुसती गाठ मारून कापू नका, धुण्यात सुटते. नवा गुंडा जोडताना चालू टाक्याचा शेवटचा वेढा नव्या धाग्याने घ्या. जोड दिसत नाही, दोन्ही टोकं नंतर लपवता येतात. सगळं झालं की वस्तू सगळ्या बाजूंनी जरा जोरातच ओढून बघा. काही सुटायचं असेल तर ते तुमच्या हातात सुटू दे.

मग धुवा. वास नसलेला सौम्य साबण वापरा, मऊपणा आणणारी सुवासिक द्रवं नकोत. आजारी माणसाला वासाने मळमळतं. सपाट पसरून वाळवा, टांगलं की ओलं विणकाम लांबतं. घरात कुणी धूम्रपान करत असेल किंवा मांजर-कुत्रं असेल तर लोकर सुरुवातीपासून बंद पिशवीत ठेवा. धुराचा वास आणि केस एका धुण्याने जात नाहीत, आणि ज्यांना दमा आहे त्यांना त्याचा त्रास होतो.

प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधा: धागा कशाचा, कसं धुवायचं, माप किती. टोपीवर घेराचं माप सेंटिमीटरमध्ये लिहा. ‘मध्यम’ किंवा ‘लहान’ याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. स्वतःचं नाव-पत्ता लिहायचा की नाही हे संस्थेला विचारा. बरेच ठिकाणी नको असतं. एकाच मापाच्या वस्तू एका पारदर्शक पिशवीत घाला आणि बाहेर संख्या लिहा. थंडीच्या वस्तू थंडी पडायच्या निदान महिनाभर आधी पोहोचवा, कारण तिथेही कुणीतरी बसून त्या मोजायच्या असतात, पुन्हा धुवायच्या असतात आणि मापाप्रमाणे लावायच्या असतात.